वॉरंटाशिवाय घरझडती आणि मुलीचा मोबाईल : राज्यघटना पोलिसांना नेमकी कुठे अडवते?

प्रश्न : टॉवेलवाला (पूर्व भाग, सोलापूर)

सोलापूरच्या पूर्व भागात आमचा टेरी टॉवेलचा लहानसा कारखाना आहे. खाली माग चालतात, वर आम्ही राहतो आणि जिन्यालगतच्या खोलीत संगणक, बिलबुके व हिशेबाच्या वह्या असतात. बाहेरगावच्या एका सूत व्यापाऱ्याशी आमचा उधारीवरून वाद चालू आहे. सूत हलके आले म्हणून मी काही रक्कम रोखून धरली आणि त्याने माझ्याविरुद्ध फसवणुकीची तक्रार दिली, एवढे माझ्या कानावर आले होते. गेल्या महिन्यात एका गुरुवारी रात्री नऊच्या सुमारास शहरातील एका पोलीस ठाण्याचे फौजदार चार कर्मचाऱ्यांसह घरी आले आणि झडती घ्यायची आहे म्हणाले. मी वॉरंट मागितले, तेव्हा "वॉरंट सिनेमात लागते" असे उत्तर मिळाले.

पंच म्हणून दोन माणसे त्यांच्याच गाडीतून उतरली. त्यांना मी आमच्या पेठेत कधीही पाहिलेले नाही. एका कर्मचाऱ्याने सुरुवातीला मोबाईलवर चित्रीकरण केले, मग मोबाईल खिशात ठेवला, आणि वरच्या मजल्यावरची झडती चित्रीकरणाविनाच झाली. संगणक, तीन वह्या, माझा मोबाईल आणि त्यासोबत माझ्या मुलीचाही मोबाईल ते घेऊन गेले. मुलगी महाविद्यालयात शिकते; कारखान्याच्या व्यवहाराशी तिचा काडीचाही संबंध नाही. दोन्ही मोबाईल उघडण्याचे आकडे त्यांनी विचारले आणि तिने घाबरून सांगून टाकले. चार कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. प्रत मागितली तेव्हा "उद्या ठाण्यात या" म्हणाले, आणि तो उद्या अजून उजाडलेला नाही.

मला समजून घ्यायचे आहे ते असे की, वॉरंट नसताना रात्री घरात शिरून हवे ते उचलून नेण्याला राज्यघटनेची काही आडकाठी आहे की नाही? असेल तर ती कोणत्या कलमात आहे, आणि अशा रीतीने नेलेल्या वस्तूंचा माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापर होऊ शकतो का? माझ्या एका मित्राने इंग्रजी मालिका पाहून ठामपणे सांगितले की झडती बेकायदा असली की सगळा पुरावा बाद होतो. माझा त्यावर विश्वास बसत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

उत्तर : कोर्टआवार (फौजदारी वकिली, सोलापूर)

आधी एक गैरसमज बाजूला काढतो, कारण त्यावर उभा केलेला अर्ज पहिल्याच तारखेला पडतो. वॉरंट नव्हते एवढ्याने झडती बेकायदा ठरत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू आहे. तिच्या कलम ९६ मध्ये न्यायालयाने द्यायच्या झडती वॉरंटाची तरतूद आहे. परंतु कलम १८५, म्हणजे जुने कलम १६५, तपासी अधिकाऱ्याला वॉरंटाशिवायही झडतीची मुभा देते. झडती रात्री झाली यालाही या कलमात मनाई नाही. सूर्यास्तानंतरची जी मनाई लोकांनी ऐकलेली असते ती स्त्रीच्या अटकेबाबत आहे, आणि तिलाही अपवाद आहेत.

मात्र ही मुभा अटींनी बांधलेली आहे आणि आपले प्रकरण तेथेच तपासून पाहावे लागेल. ज्या गुन्ह्याचा तपास करण्याचा त्या अधिकाऱ्याला अधिकार आहे, त्या तपासासाठी लागणारी वस्तू त्या जागी सापडेल असे मानण्यास वाजवी कारण हवे. ती वस्तू अन्य मार्गाने विनाविलंब मिळणार नाही असे त्याचे मत झालेले हवे. आणि या मताची कारणे, तसेच कोणती वस्तू शोधायची आहे हे, शक्य तितक्या नेमकेपणाने झडतीच्या आधी केस डायरीत लिहिलेले हवे. जो कागद घराबाहेर पडल्यावर लिहिला जातो तो या कलमाची पूर्तता करत नाही. या नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या सक्षम दंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे, आणि जागेच्या मालकाने अर्ज केल्यास दंडाधिकाऱ्याने ती त्याला विनामूल्य द्यायची आहे. आपण महिनाभर ठाण्याच्या पायऱ्या झिजवत आहात. तो कागद एव्हाना न्यायालयात असायला हवा. जप्त वस्तूंची यादी ही वेगळी गोष्ट आहे. ती कलम १०३ प्रमाणे पंचांच्या सहीनिशी तेथल्या तेथे आपल्या हाती द्यायची असते, "उद्या या" याला त्या कलमात जागा नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मीच आपल्याला विचारतो. त्या गुरुवारी गुन्हा दाखल झालेला होता का? कलम १८५ चा अधिकार तपासात मिळतो, नुसत्या तक्रार अर्जाच्या चौकशीत मिळत नाही. आमच्याकडे उधारीच्या वादात अनेकदा अर्जावरच बोलावणी, दमदाटी आणि उचलाउचल होते, आणि गुन्हा नंतर नोंदवला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबर अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावा लागतो. तेथे शोधा आणि नोंदणीची तारीख व वेळ उतरवून घ्या. वेळ रात्री नऊनंतरची निघाली, तर पुढच्या चर्चेचा नूरच बदलेल.

उत्तर : फळा-खडू (राज्यशास्त्राचा शिक्षक, जुळे सोलापूर)

वकीलसाहेबांनी संहिता सांगितली; प्रश्न राज्यघटनेचाही होता, म्हणून त्या बाजूने लिहितो. आपल्या मित्राने मालिकेत जे पाहिले ते अमेरिकेतले आहे. तेथे १७९१ मध्ये झालेल्या चौथ्या घटनादुरुस्तीने व्यक्ती, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून थेट संरक्षण दिले, आणि १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो या निकालाने राज्यांच्या न्यायालयांतही बेकायदा झडतीतील पुरावा वगळण्याचा नियम लागू केला. भारतीय राज्यघटनेत अशा शब्दांचे कलम नाही.

नाही, पण ते येता येता राहिले, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांचे मसुदे तयार होत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या निवेदनात अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षणाचा हक्क स्पष्टपणे मांडला होता. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यातही घराच्या अभेद्यतेचा आणि पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेचा हक्क होता. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांना तपासयंत्रणेचे हात बांधले जातील अशी धास्ती वाटली आणि ती तरतूद गळाली. पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तीच गोष्ट दुरुस्तीच्या रूपाने पुन्हा संविधान सभेसमोर आणली. त्यावर बाबासाहेबांची भूमिका अशी होती की यातले सारे फौजदारी संहितेत आधीच आहे, परंतु व्यक्तिस्वातंत्र्यासाठी ते विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट ठरेल. मसुदा समितीच्या अध्यक्षांची अशी अनुकूलता असूनही मतदानात दुरुस्ती फेटाळली गेली. वर्गात हा भाग शिकवताना मला दर वेळी हळहळ वाटते. ज्या सोलापूरने मे १९३० मध्ये मार्शल लॉ सोसला, त्या गावात तरी मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

त्या फेटाळण्याचा परिणाम लगेचच दिसला. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा प्रकरणात दालमिया-जैन समूहाच्या एका कंपनीच्या चौकशीत एकाच वेळी अनेक ठिकाणी झालेल्या झडत्यांना आव्हान दिले गेले, तेव्हा आठ न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की झडती म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नव्हे, आणि घटनाकारांनी चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क ठेवलेला नसताना तो ओढूनताणून आणता येणार नाही. १९६२ च्या खडकसिंग प्रकरणात उत्तर प्रदेश पोलिसांच्या रात्रीच्या घरभेटी मात्र रद्द झाल्या, कारण त्यांना कायद्याचा आधारच नव्हता. पण बहुमताने खासगीपणाचा हक्क नाकारलाच. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचे भिन्नमत अपवाद ठरले. २००४ च्या कॅनरा बँक निकालात, कागदपत्रे बँकेत ठेवली म्हणून त्यांतला खासगीपणा संपत नाही, कारण हा हक्क जागेचा नसून माणसाचा आहे, असे न्यायालयाने सांगितले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे मान्य करून शर्मा आणि खडकसिंग या निकालांतील विरुद्ध विधाने मोडीत काढली.

त्यामुळे आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. राज्यघटनेची आडकाठी आहे, आणि ती अनुच्छेद २१ मध्ये आहे. झडतीला कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू वैध हवा, आणि वापरलेला उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. संगणक व वह्या नेणे या तिसऱ्या कसोटीवर कदाचित टिकेल. मुलीचा मोबाईल कसा टिकेल, हे मला समजत नाही.

उत्तर : निवृत्त खाकी

मालक, मी खात्यात तेहतीस वर्षे काढली आणि त्यातली बरीच तपासात गेली, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी येथे कोणाची वकिली करत नाही.

गाडीतून पंच आणले हे चूक आहे. कायद्याला त्या वस्तीतले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हवे असतात, आणि ते मिळाले नाहीत तरच दुसरीकडचे चालतात. परंतु रात्री नऊ वाजता कोणत्याही पेठेत जाऊन दार वाजवा आणि पंच म्हणून चला म्हणा. समोरचा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर गावाला निघालेला असतो. लेखी बोलावूनही सबळ कारणाशिवाय पंच होण्यास नकार देणे हा गुन्हा आहे, हे मी शेकडो लोकांना सांगितले असेल. त्यावर एकदाही कारवाई केली नाही, कारण शेजाऱ्याविरुद्ध सही केल्यावर रोज त्याच जिन्याने चढायचे त्याला असते, मला नव्हे. यातून ठाण्याच्या दारातल्या चहावाल्याला पंच करण्याची वाईट खोड लागते. तिची किंमत आम्हीच मोजतो. माझ्याच एका चांगल्या प्रकरणात मुद्देमाल खरा होता, आरोपी खरा होता. पंच साक्षीला उभा राहिला आणि म्हणाला, सही मी ठाण्यात केली, घर मी पाहिलेले नाही. तो फितूर झाला असे मी त्या वेळी सगळ्यांना सांगत फिरलो. खरे सांगायचे तर तो खरे बोलत होता.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने हे सोपेही केले आहे आणि अवघडही. झडती, वस्तू ताब्यात घेणे, यादी करणे, यादीवर पंचांनी सही करणे, या सगळ्याचे दृक्श्राव्य चित्रीकरण करायचे असते आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. त्यासाठी ई-साक्ष्य नावाचे अॅप आहे. चित्रीकरण मध्येच थांबले असेल, तर का थांबले याचे उत्तर तपासी अंमलदाराला साक्षीच्या वेळी द्यावे लागेल. मोबाईल खिशात ठेवणारा कर्मचारी कदाचित कंटाळला असेल, कदाचित त्याची बॅटरी संपली असेल. कोर्टात दोन्ही कारणे सारखीच वाईट दिसतात.

आणखी एक व्यवहाराची बाब सांगतो. ठाण्यात घेतलेल्या प्रत्येक वस्तूची मुद्देमाल रजिस्टरला नोंद होते आणि तिला क्रमांक पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्यात सीसीटीव्ही असायला हवेत आणि त्यांचे चित्रण अठरा महिने, साधने नसतील तेथे निदान एक वर्ष, जपायला हवे. वस्तू आत कधी आल्या हे त्यात दिसते. ते चित्रण जपून ठेवावे असा अर्ज लवकर द्या. उशीर केला की यंत्र नेमके त्याच आठवड्यात बिघडलेले निघते.

पुन्हा : टॉवेलवाला

सर्वांचे आभार. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे संकेतस्थळावर पाहिले. गुन्हा त्याच गुरुवारी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास दाखल झालेला आहे, म्हणजे ती वाट बंद झाली. तरीही मूळ शंका उरतेच. समजा, पंच चुकीचे होते, चित्रीकरण अर्धवट होते, प्रत दिली नाही. मग वह्या आणि संगणकातला मजकूर पुरावा म्हणून घेतला जाईल की नाही? आणि मोबाईलचा आकडा सांगायला आम्ही बांधील होतो का? त्या रात्री मी दारातच उभे राहून नाही म्हणायला हवे होते का, हा विचार मला अजून झोपू देत नाही.

उत्तर : कोर्टआवार

मित्राचे म्हणणे आपल्याकडे चालत नाही, हे स्पष्टच सांगतो. पूरणमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयकर छाप्याच्या संदर्भात निर्णय दिला की पुरावा संबद्ध असेल, तर तो मिळवण्याची रीत सदोष होती एवढ्यावरून तो वगळला जात नाही. १९७४ पासून आम्ही हा निकाल ऐकत आलो आहोत आणि सरकारी वकील आजही पहिल्यांदा तोच काढतात. त्याआधी १९६३ च्या राधाकिशन निकालातही हेच सूत्र होते, परंतु त्यातली एक गोष्ट बचावासाठी फार मोलाची आहे. झडतीचे नियम मोडले असतील तर न्यायालयाने जप्तीचा पुरावा अधिक बारकाईने तपासावा, असे तो निकाल म्हणतो. पुरावा दारातून आत येतो, मात्र त्याचे वजन घटलेले असते. गाडीतले पंच, खिशात गेलेला मोबाईल आणि न दिलेली प्रत या तीन गोष्टी मिळून ते वजन किती घटवतात, हे उलटतपासणीत ठरते.

याला मोठा अपवाद अमली पदार्थांच्या कायद्याचा आहे. त्याच्या कलम ५० प्रमाणे, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर अंगझडती करून घेण्याचा हक्क संशयिताला आधी सांगावा लागतो. तो न सांगता अंगावरून काढलेला माल त्याच्या बेकायदा ताब्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे १९९९ मध्ये बलदेवसिंग प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी ठरवले. शिक्षा जितकी कडक तितकी कार्यपद्धती काटेकोर, हा त्यामागचा विचार आहे. फसवणुकीच्या गुन्ह्याला तो अपवाद लागू होत नाही.

मोबाईलच्या आकड्याबाबत कायदा अजून स्थिरावलेला नाही. अनुच्छेद २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याच्या सक्तीपासून वाचवतो. १९६१ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने बोटांचे ठसे व हस्ताक्षराचा नमुना देणे ही अशी साक्ष नव्हे असे ठरवले. उलट २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीविना नार्को चाचणी घटनाबाह्य ठरवली, कारण तेथे माणसाच्या मनातली माहिती काढून घेतली जाते. पासवर्ड बोटाच्या ठशासारखा की मनातल्या माहितीसारखा? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पहिल्या बाजूने कौल दिला, तर दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये आरोपीला पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येणार नाही असे म्हटले. माझ्या मते दुसरे मत अधिक सुसंगत आहे, कारण आकडा डोक्यात असतो, बोटावर नसतो. आपली मुलगी तर आरोपीच नाही. तिच्या बाबतीत अनुच्छेद २०(३) पेक्षा अनुच्छेद २१ अधिक कामाचा आहे, आणि येथे शिक्षक महोदयांशी मी पूर्ण सहमत आहे.

दारात उभे राहून नाही म्हणण्याविषयी : राधाकिशन निकालात असेही म्हटले आहे की नियम मोडून होणाऱ्या झडतीला घरमालक विरोध करू शकतो. हे वाचून कृपया कोणीही दारात आडवे होऊ नये. नियम मोडला की नाही हे त्या क्षणी आपल्याला ठाऊक नसते, डायरीत काय लिहिले आहे हे आपण पाहिलेले नसते, आणि ढकलाढकली झाली की लोकसेवकावर बलप्रयोगाचा दुसरा, अधिक जड गुन्हा अंगावर येतो. आपण वॉरंट मागितलेत, सह्या केल्यात आणि काही अडवले नाहीत, हेच शहाणपणाचे होते. फक्त सहीखाली "प्रत मिळाली नाही, वरच्या मजल्याचे चित्रीकरण झाले नाही" एवढ्या दोन ओळी लिहायला हव्या होत्या. पोलिसांच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेली हरकत पुढे कोणालाही पुसता येत नाही.

उत्तर : फळा-खडू

पूरणमलबाबत माझा एक आक्षेप नोंदवतो. तो निकाल एम. पी. शर्मावर भिस्त ठेवून दिलेला आहे. घटनेत खासगीपणाचा हक्क नाही, म्हणून पुरावा वगळण्याचा नियमही नाही, अशी त्यातली तर्कसाखळी होती. २०१७ मध्ये तिची पहिली कडीच निखळली असताना शेवटची कडी जशीच्या तशी कशी लोंबकळत राहते?

उत्तर : कोर्टआवार

सर, प्रश्न रास्त आहे आणि तो उच्च न्यायालयात जरूर मांडावा. सोलापूरसाठी आता १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे, मुंबई गाठावी लागत नाही. मात्र पूरणमल स्पष्टपणे रद्द झालेला नाही, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी त्याला बांधील आहेत. अशिलाला मी तर्क देऊ शकत नाही, मला त्याला तारीख आणि अर्ज द्यावा लागतो.

अर्जाचे सांगतो. पहिला अर्ज कलम १८५ खालील नोंदीच्या आणि कलम १०५ खालील चित्रीकरणाच्या प्रतीसाठी करा. दुसरा कलम ५०३ प्रमाणे, म्हणजे जुन्या ४५७ प्रमाणे, वस्तू सुपूर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मिळण्यासाठी. २००२ च्या सुंदरभाई देसाई निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की जप्त माल ठाण्यात पंधरा दिवस, फार तर महिनाभर, याहून अधिक काळ पडून राहू नये. संगणकाबाबत कदाचित तो प्रयोगशाळेत पाठवल्याचे सांगतील. मग त्याची प्रतिकृती काढून मूळ वस्तू द्यावी अशी विनंती करता येते. जप्तीच्या वेळी संगणक आणि मोबाईल मोहोरबंद केले होते का आणि त्यांतील मजकुराचे हॅश मूल्य, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारा ओळखक्रमांक, नोंदवले होते का, हेही विचारून ठेवा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्रात ते मूल्य द्यावे लागते, आणि जप्तीनंतर कोणी यंत्र उघडून पाहिले असेल तर ते तेथे उघडे पडण्याची शक्यता असते. पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला मार्गदर्शक तत्त्वे आणण्यास सांगितले, ते याच काळजीपोटी.

पुन्हा : टॉवेलवाला

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. न्यायालयातून प्रती मिळाल्या. केस डायरीतील नोंदीत कारण असे लिहिले आहे की "सूत खरेदीच्या वह्या व संगणकातील हिशेब नष्ट होण्याची शक्यता". मोबाईलचा तेथे उल्लेख नाही. चित्रीकरण अकरा मिनिटांचे आहे आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर संपते. जप्तीच्या यादीत संगणक एक, वह्या तीन आणि मोबाईल एक असे लिहिले आहे. तो मोबाईल माझा आहे. मुलीचा मोबाईल त्या यादीत कोठेच नाही.

उत्तर : निवृत्त खाकी

मालक, यादीत नाही म्हणजे मुद्देमाल रजिस्टरलाही नसणार. असे मोबाईल बहुधा कोणाच्या तरी टेबलाच्या खणात पडलेले असतात. "सहज पाहून परत देऊ" म्हणून घेतात, आणि नंतर कागदावर नसलेली वस्तू परत कशी करायची हे कोणालाच सुचत नाही. रागाच्या भरात ठाण्यात जाऊन तो मागू नका. तुम्हाला तो हळूच हातावर ठेवतील, आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच उरणार नाही.

उत्तर : कोर्टआवार

अण्णांनी नेमके सांगितले. आता कलम ५०३ च्या अर्जात हा मोबाईल मागू नका, कारण "यादीत अशी वस्तू नाही" एवढे म्हणणे दाखल करून सरकारपक्ष मोकळा होईल. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करू. त्यात घटनाक्रम, नोंदीतले कारण, चित्रीकरण कोठे थांबले ती पायरी आणि यादीतील उणीव मांडून तपासी अधिकाऱ्याचे लेखी म्हणणे मागवावे, तसेच त्या रात्रीचे ठाण्यातील सीसीटीव्ही चित्रण जपण्याचा आदेश व्हावा अशी विनंती असेल. कलम १०६ प्रमाणे ताब्यात घेतलेल्या वस्तूचा अहवाल दंडाधिकाऱ्याला तात्काळ द्यावा लागतो, आणि घटनेच्या अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १४७ नाहक झडती आणि जप्तीसाठीच आहे. ते आजच वापरायचे नाही, पण अर्जात हक्क राखून ठेवू. अर्जदार म्हणून मुलीचे नाव घाला. ती सज्ञान आहे, वस्तू तिची आहे आणि हक्कही तिचाच आहे. मोबाईलचे बिल, खोक्यावरचा आयएमईआय क्रमांक आणि तो नेताना पाहिलेला कोणी साक्षीदार असेल, तर त्याचे प्रतिज्ञापत्र हवे.

पुन्हा : टॉवेलवाला

बिल सापडले, खोकेही माळ्यावर होते. समोरच्या आक्कांनी त्या रात्री गच्चीतून सगळे पाहिले होते आणि मुलीचा गुलाबी कव्हरचा मोबाईल एका कर्मचाऱ्याच्या हातात होता हे त्यांना पक्के आठवते. प्रतिज्ञापत्रावर सही करायला त्या तयार आहेत. त्यांची अट एवढीच आहे की सही करण्याआधी ते त्यांना तेलुगूत वाचून दाखवावे.

उत्तर : कोर्टआवार

अट योग्य आहे. वाचून दाखवणाऱ्याचीही खाली सही घेऊ, आणि तेलुगूत समजावून सांगितल्याचा मजकूर घालू. सोमवारी अकराच्या आत आक्कांना घेऊन नोटरीकडे या.